माहेरच्या नांवाचा शोध

इ. स. १९२४ च्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस, अमेरिकेच्या दक्षिण डकोटा संस्थानांतील डी स्मेट नांवाच्या लहानशा गांवीं, कॅरोलाइन इंगल्स ही वृद्ध स्त्री ८४ वर्षांची होऊन निवर्तली. तिची दुसरी मुलगी लॉरा वाइल्डर त्या वेळीं तेथून शेंकडों मैल दूर, मिझूरी संस्थानांत, आपल्या नवऱ्यासह शेती करून राहत होती. पुढील वर्षीं, म्हणजे १९२५ सालीं, लॉरानें आपल्या मार्था मावशीला एक पत्र लिहिलें. आई, मावशी व त्यांचीं भावंडें विस्कॉन्सिनच्या रानांत लहानाचीं मोठीं कशीं झालीं, त्या वेळच्या रोजच्या लहानसहान गोष्टी कोणत्या, घरांत काय शिजत असे, हें सारें मावशीनें लिहून कळवावें, अशी त्यांत विनंति होती. नव्वदीकडे झुकलेल्या मावशीनें लांबलचक उत्तरें धाडलीं. दोन वर्षांनीं तीहि गेली.

हीच लॉरा पुढें ‘लिट्ल हाऊस’ या पुस्तकमालेची लेखिका म्हणून जगाला माहीत झाली. मालेंतील पहिलें पुस्तक १९३२ सालीं निघालें, तेव्हां ती पासष्ट वर्षांची होती. परंतु येथें विचार करावयाचा आहे तो लेखिकेचा नव्हे, तिच्या आईचा. जिची कथा पोटच्या मुलीलाहि मावशीला विचारावी लागली, अशा एका शेतकरी स्त्रीचें आयुष्य जुन्या दप्तरांतून कितपत हातीं लागतें, आणि तें शोधावयाचें तरी कसें, हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागांतील लक्षावधि शेतकरी स्त्रियांच्या बाबतींत हाच प्रश्न उभा राहतो. कॅरोलाइनचें उदाहरण घेण्याचें कारण एवढेंच कीं तिच्या मुलीच्या कीर्तीमुळें तिच्या घराण्याचे कागद अभ्यासकांनीं बारकाईनें तपासले आहेत.

शोधाची पहिली अडचण नांवाची. स्त्री लग्न करून सासरीं गेली कीं तिचें माहेरचें आडनांव कागदांतून नाहींसें होतें, आणि आडनांव गेलें कीं मागची वाट बुजते. इंगल्स घराण्याची गोष्ट निराळी. त्या घराण्याचा मूळ पुरुष एडमंड इंगल्स हा १६२९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील लिन येथें येऊन राहिला, आणि त्याच्या वंशजांचा एक जाडजूड छापील कुलवृत्तान्त १९०३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. कॅरोलाइनचा नवरा चार्ल्स याचे पूर्वज अशा रीतीनें पिढ्यान् पिढ्या मागें नेतां येतात. कॅरोलाइनचें माहेरचें आडनांव क्वायनर. त्या नांवाचा माग काढावयाचा तर आधीं दोन्ही नांवें जोडणारा सांधा सांपडला पाहिजे, आणि तो सांधा म्हणजे लग्नाची नोंद. हें लग्न १८६० च्या फेब्रुवारीच्या १ तारखेस विस्कॉन्सिनमधील कॉन्कर्ड या वस्तींत लागलें. एवढी तारीख आणि एवढें गांव कळलें म्हणजे इंगल्स बाईंच्या मागें उभी असलेली क्वायनरांची मुलगी दिसूं लागते.

दुसरी अडचण जागेची. कॅरोलाइन १८३९ च्या डिसेंबरच्या १२ तारखेस ब्रुकफील्डजवळ जन्मली. तो मुलूख तेव्हां विस्कॉन्सिन टेरिटरी या नांवानें ओळखला जात होता, त्यास संस्थानाचा दर्जा मिळाला १८४८ सालीं. ब्रुकफील्ड तेव्हां मिल्वॉकी काउंटीमध्यें मोडत असे, पुढें १८४६ सालीं त्यांतून वॉकशॉ ही निराळी काउंटी काढण्यांत आली. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुका-जिल्ह्यासारखा विभाग, आणि जमिनीचीं, लग्नांचीं व वारसांचीं दप्तरें तिच्या कचेरींत असतात. घर जागचें हलत नाहीं, परंतु सीमा हलते, आणि कागद कधीं या कचेरींत तर कधीं त्या कचेरींत जाऊन पडतात. डी स्मेटचेंहि तसेंच झालें. इंगल्स कुटुंब तेथें गेलें तेव्हां ती डकोटा टेरिटरी होती, आणि १८८९ पासून तेंच गांव दक्षिण डकोटा संस्थानांत गणलें जाऊं लागलें. म्हणून अनुभवी शोधक आजचा नकाशा बाजूस ठेवून त्या सालचा नकाशा प्रथम पुढें घेतो.

यानंतर येते खानेसुमारी. अमेरिकेंत १७९० पासून दर दहा वर्षांनीं ती होत आली आहे. पण १७९० पासून १८४० पर्यंतच्या सहाहि खानेसुमाऱ्यांत घरच्या कर्त्याचेंच तेवढें नांव लिहीत. बाकीचीं माणसें वयाप्रमाणें व लिंगाप्रमाणें पाडलेल्या रकान्यांत आंकड्यांच्या रूपानें बसवीत. १८४० सालीं सहा महिन्यांच्या कॅरोलाइनला त्या दप्तरांत जागा असेल, तर ती पांच वर्षांखालील मुलींच्या रकान्यांतील एका आंकड्याची. घरांतील प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव लिहिण्याची पद्धति १८५० सालीं सुरू झाली. गुलामांची मोजदाद त्या सालींहि नांवांवांचूनच झाली, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

१८५० सालीं कॅरोलाइन दहा वर्षांची होती. पण त्या दप्तरांत तिच्या आईला क्वायनर या नांवाखालीं शोधणारा मनुष्य फसेल. बाप हेन्री क्वायनर १८४५ सालीं मिशिगन सरोवरांत जहाज बुडून मेला होता. आई शार्लट हिच्या पदरीं तेव्हां बरींच लहान मुलें होतीं. ती कॉन्कर्ड येथें येऊन राहिली, आणि १८४९ सालीं तिनें फ्रेडरिक होल्ब्रुक नांवाच्या शेतकऱ्याशीं दुसरें लग्न केलें. शार्लटचें माहेरचें नांव टकर. म्हणजे एका बाईच्या आयुष्यांत टकर, क्वायनर व होल्ब्रुक अशीं तीन आडनांवें झालीं, आणि प्रत्येक नांव निराळ्या दप्तरांत. हा होल्ब्रुक सावत्र बाप मुलांना कसा वाटला, हें कोणत्याहि सरकारी कागदांत नाहीं. परंतु पुढें कॅरोलाइनला जो एकच मुलगा झाला त्याचें नांव चार्ल्स फ्रेडरिक असें ठेवण्यांत आलें. कागद जेथें मुका असतो तेथें कधीं कधीं ठेवलेलें नांव बोलतें.

शोधाचा तिसरा मार्ग शेजाऱ्यांचा. कॉन्कर्डमध्यें क्वायनर आणि इंगल्स हीं कुटुंबें जवळपास राहत होतीं. १८५९ सालीं कॅरोलाइनचा भाऊ हेन्री यानें चार्ल्सची बहीण पॉली हिच्याशीं लग्न केलें. पुढच्या वर्षीं कॅरोलाइन व चार्ल्स यांचें झालें, आणि १८६१ सालीं कॅरोलाइनची बहीण एलायझा ही चार्ल्सचा भाऊ पीटर यास दिली. आपल्याकडे ज्यास साटेंलोटें म्हणतात तसाच हा प्रकार, तोहि तिहेरी. अशा घरांत माहेर आणि सासर एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना असतात. १८६३ सालीं चार्ल्सनें विस्कॉन्सिनच्या पेपिन काउंटींत जमीन घेतली, ती एकट्यानें नव्हे. त्या खरेदीखतावर हेन्री क्वायनर याचेंहि नांव आहे. दोघांनीं मिळून १६० एकर जमीन ३३५ डॉलरांस घेतली. माहेरचें नांव ठाऊक नसलेल्या शोधकानेंहि हा कागद पाहून सहखरेदीदार कोण असा प्रश्न केला असता, तर तो थेट कॅरोलाइनच्या भावाच्या दारांत जाऊन उभा राहिला असता. जमिनीच्या कागदांत आणखी एक खूण असते. खरेदी करतांना नवऱ्याचें नांव पुरें होई, परंतु विक्रीच्या वेळीं बायकोचाहि हक्क सोडवून घ्यावा लागे, म्हणून खतावर तिची सही घेत. खरेदीखतांत नसलेली बायको पुष्कळदां विक्रीखतांत भेटते.

मध्यंतरीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. कॅरोलाइनचा थोरला भाऊ जोसेफ हा १८६२ च्या एप्रिलमध्यें शायलोच्या लढाईंत जखमी झाला आणि त्याच महिन्यांत मेला. युद्धांत मेलेल्या शिपायाच्या विधवेला पेन्शन मिळवावयाचें असे, तर तिला आपलें लग्न, त्याची तारीख आणि मुलांचे जन्म यांचा पुरावा सरकारपुढें मांडावा लागे. घराण्यांतील एका पुरुषाच्या मरणाचा कागद अशा रीतीनें स्त्रियांच्या जगण्याचा कागद होतो. वंशावळीच्या शोधांत लष्करी पेन्शनचीं दप्तरें मोलाचीं मानतात, तीं याचसाठीं.

चार्ल्सच्या पायाला भिंगरी होती. पेपिनची जमीन विकून हें कुटुंब मिझूरीकडे व तेथून १८६९ च्या सुमारास कॅन्सस संस्थानांत गेलें. हा प्रवास लॉरानें १९३५ सालीं ‘लिट्ल हाऊस ऑन द प्रेअरी’ या पुस्तकांत अमर केला आहे. त्यांत घर इंडिपेन्डन्स गांवापासून ४० मैलांवर असल्याचें लिहिलें आहे. त्या वेळीं लॉराचें वय दोन-तीन वर्षांचें, त्यामुळें हा हिशेब ऐकीव. पुस्तक लिहितांना ती व तिची मुलगी रोझ यांनीं ती जागा शोधण्याचा प्रयत्न केला, आणि या ४० मैलांपायीं त्या पार ओक्लाहोमांत जाऊन परतल्या. घर सांपडलें तें खानेसुमारीनें. १८७० च्या ऑगस्टमधील दप्तरांत इंगल्स कुटुंब कॅन्ससच्या मॉन्टगोमरी काउंटींतील रटलंड टाउनशिपमध्यें नोंदलेलें आहे, आणि त्याच महिन्यांत जन्मलेल्या कॅरी या मुलीचें जन्मस्थान कौटुंबिक बायबलमध्यें मॉन्टगोमरी काउंटी असेंच लिहिलेलें आहे. या दोन कागदांचा मेळ बसल्यावर, शेजाऱ्यांच्या जमिनींचे दाखले जुळवीत, १९६९ सालीं एका स्थानिक संशोधक बाईंनीं जुन्या घराची जागा निश्चित केली. ती इंडिपेन्डन्सपासून सुमारें १३ मैलांवर आहे. लहानग्या लॉराला तपासणारा पुस्तकांतील डॉक्टर टॅन हाहि त्याच दप्तरांत शेजारी म्हणून सांपडला. तो कृष्णवर्णीय होता.

परंतु याच दप्तरांतील एक रकाना कोरा आहे, आणि तो भरलेल्या रकान्यांपेक्षां अधिक बोलका आहे. तो रकाना जमिनीच्या किमतीचा. ती जमीन ओसेज इंडियन लोकांची, वसाहतवाल्यांचा तिच्यावर हक्क नाहीं, असें कारण गणती करणाऱ्यानेंच देऊन ठेविलें आहे. चार्ल्सनें घर बांधलें तें दुसऱ्याच्या भूमीवर. १८७० च्या जुलैमध्यें ओसेजांना तेथून इंडियन टेरिटरींत हलविण्याचा कायदा अमेरिकन काँग्रेसनें केला, आणि थोड्याच काळांत त्यांना आपला मुलूख सोडावा लागला. कर न देणारे इंडियन लोक मोजूं नयेत, असा त्या खानेसुमारीचा नियम होता. म्हणून तीस वर्षांच्या कॅरोलाइनचें नांव तेथें आहे, पंधरवड्याच्या कॅरीचीहि गणना आहे, परंतु ज्यांच्या जमिनीवर त्यांचें घर उभें होतें त्या ओसेज आयाबहिणींची त्या वहींत नोंद नाहीं. आपल्या घराण्याचा शोध घेणाऱ्यानें आपलें नांव सांपडल्याच्या आनंदांत पानावरील हा रिकामा भाग नजरेआड करूं नये. दप्तर कोणी लिहिलें आणि कोणास वगळून लिहिलें, हेंहि इतिहासाचेंच अंग आहे.

वगळलेलें माणूस आपल्याच घरांतीलहि असूं शकतें. कॅन्ससहून हें कुटुंब विस्कॉन्सिनला परतलें, आणि १८७४ सालीं मिनेसोटांतील वॉलनट ग्रोव्ह येथें गेलें. तेथें टोळधाडींनीं पिकें खाल्लीं. तेथेंच १८७५ च्या नोव्हेंबरच्या १ तारखेस चार्ल्स फ्रेडरिक जन्मला, आणि १८७६ च्या ऑगस्टच्या २७ तारखेस, कुटुंब आयोवाकडे जाण्याच्या वाटेवर असतांना, वारला. तो पुरा दहा महिन्यांचाहि नव्हता. राष्ट्रीय खानेसुमारी १८७० सालीं झालेली, पुढील १८८० सालीं व्हावयाची. मिनेसोटा संस्थानानें १८७५ सालीं स्वतःची गणती केली खरी, पण ती मे महिन्यांतील. त्यानंतर सहा महिन्यांनीं हें मूल जन्मास आलें. दोन गणत्यांच्या मधल्या फटींतून तें आलें आणि गेलें. त्याचें थडगें कोठें आहे हेंहि आज दाखवितां येत नाहीं. लॉराच्या प्रसिद्ध पुस्तकांतहि त्याला जागा मिळाली नाहीं.

मात्र १९०० सालच्या खानेसुमारींत दोन रकाने प्रत्येक विवाहित स्त्रीसाठीं आंखलेले होते. एकूण किती मुलांची आई, आणि त्यांपैकीं हयात किती. कॅरोलाइनपुरतीं या दोन प्रश्नांचीं खरीं उत्तरें पांच आणि चार. पांचांतून चार वजा केले म्हणजे जो एक उरतो, तोच तो मुलगा. स्वतःच्या दुःखाचा हिशेब सरकारी माणसापुढें मांडण्याची वेळ त्या सालीं देशांतील असंख्य आयांवर आली. वंशावळ शोधणारे आज या दोन आंकड्यांतील फरक पाहूनच हरवलेल्या मुलांचा मागोवा घेतात.

१८८० सालीं चार्ल्सनें डी स्मेटजवळ सरकारी जमिनीसाठीं अर्ज केला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानें कुटुंबाच्या कर्त्यास अथवा २१ वर्षांवरील कोणाहि नागरिकास १६० एकर जमीन मिळूं शके. पांच वर्षें तेथें राहून ती कसली पाहिजे, आणि साक्षीदारांसह त्याचा पुरावा दिला पाहिजे, अशी अट होती. हे पुरावे आज राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत, आणि त्यांत घर, विहीर, नांगरलेलें रान यांचें वर्णन येतें. चार्ल्सची जमीन १८८६ सालीं त्याच्या नांवें पक्की झाली. अविवाहित स्त्रीला याच कायद्यानें स्वतःच्या नांवें अर्ज करतां येई. लॉराची नणंद एलायझा जेन वाइल्डर हिनें याच भागांत तसा अर्ज केला, आणि आपल्या हालअपेष्टांचें सविस्तर निवेदन स्वहस्तें लिहून दप्तरांत ठेविलें. कॅरोलाइनला तशी संधी नव्हती. नवरा असलेली बाई कायद्यानें कुटुंबाची कर्ती नव्हे. पांच वर्षें तिनें त्याच मातींत काढलीं, पण जमिनीचा दाखला नवऱ्याचा. खानेसुमारींत गृहिणीच्या धंद्याच्या रकान्यांत ‘घर सांभाळते’ एवढेंच लिहिण्याचा हुकूम होता. लग्नापूर्वीं ती शाळेंत शिक्षिका होती, आणि जेथें शाळाच नव्हती तेथें मुलींना तिनेंच शिकविलें. हें सारें त्या दोन शब्दांत गडप झालें.

थोरली मुलगी मेरी १८७९ सालीं आजारांत आंधळी झाली. लॉराच्या पुस्तकांत त्याचें कारण लोहितांगज्वर असें दिलें आहे. मेरी १८८१ पासून आयोवांतील व्हिन्टन येथील अंधशाळेंत शिकली. लॉराचीं पत्रें, तत्कालीन वर्तमानपत्रें व शाळेचीं दप्तरें पडताळून कांहीं वैद्यकीय अभ्यासकांनीं २०१३ सालीं असें मत मांडलें कीं तो आजार मेंदू व त्यावरील आवरणाच्या दाहाचा असावा. घरच्या आठवणी खोट्या नसतात, पण त्या सोप्या होत जातात, आणि शाळेच्या वहींतील एखादी ओळ त्यांना पुन्हां ताळ्यावर आणते.

दप्तरांनाहि मृत्यु आहे. १८९० ची खानेसुमारी जवळजवळ सारीच गेली. १९२१ च्या जानेवारीच्या १० तारखेस वॉशिंग्टन येथील व्यापार-खात्याच्या इमारतींत आग लागून कांहीं कागद जळले, कांहीं पाण्यानें नासले, आणि उरलेले पुढें सरकारनेंच मोडींत काढले. त्यामुळें १८८० आणि १९०० यांमध्यें वीस वर्षांचें खिंडार आहे. लॉराचें १८८५ मधील लग्न, रोझचा जन्म आणि १८८९ मध्यें लॉराचा तान्हा मुलगा गेला तो प्रसंग, हीं सर्व त्याच खिंडारांत पडतात. अशा वेळीं बायबलच्या कोऱ्या पानावरील नोंदी, गांवचीं वर्तमानपत्रें, थडग्यांवरील अक्षरें आणि घरगुती पत्रें यांचाच आधार.

त्या पत्रांकडेच शेवटीं वळावें लागतें. कॅरोलाइनच्या चार मुली वाढल्या, पण त्यांपैकीं लॉरालाच एक मुलगी जगली, ती रोझ. रोझ १९६८ सालीं निपुत्रिक वारली, आणि चार्ल्स व कॅरोलाइन यांचा वंश तेथें संपला. कॅन्ससमधील जागा ठरली ती त्याच्या पुढच्याच वर्षीं. म्हणजे कॅरोलाइनचा शोध आज घेतात तीं तिच्या रक्ताचीं माणसें नव्हेत. लग्नाची नोंद, भावाचें खरेदीखत, मुलीच्या शाळेची वही, असे परक्यांच्या नांवांखालीं पडलेले तुकडे परकीं माणसें जुळवीत आहेत, आणि तिचें आयुष्य पुष्कळसें उभें राहिलें आहे.

तरी रानांतल्या त्या घरांत संध्याकाळीं काय शिजत असे, हें कोणत्याहि कचेरीला माहीत नव्हतें. तें एका म्हाताऱ्या मावशीला ठाऊक होतें, आणि तिला पत्र लिहिणारें कोणी निघालें म्हणून तें राहिलें. दप्तरें शंभर वर्षें वाट पाहूं शकतात, माणसें तशी वाट पाहत नाहींत. आईला विचारावयाचें राहून गेलेलें लॉरानें मावशीला विचारलें, तेव्हां मावशीच्या आयुष्याचीं दोनच वर्षें उरलीं होतीं.